पॉवर सीट हलत नाही? मोटर मागवण्याआधी हे तपासा

व्हिडिओत सीट मागे कलवून मी मीटर लावून दाखवलंच आहे. तोच धडा इथे लिहून देतोय, म्हणजे काम करताना मोबाईल समोर ठेवता येईल.

सुरुवात माझ्या चुकीपासून करू. दुकान नवीन होतं. एक ताई गाडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "दादा, सीट मागे अडकलीय, ब्रेकवर पाय नीट पोचत नाही." मी पुढे-मागेचा स्विच दाबला, काही हललं नाही. मोटरचा कपलर काढून मीटर लावला, १२ व्होल्ट आले. करंट येतोय म्हणजे मोटर गेली, असं ठरवून नवी मोटर टाकली. सीट चालली, बिल झालं. तिसऱ्या दिवशी ताई परत दारात! नेमकं काय चुकलं, ते पुढे कळेलच.

आधी सर्किट समजून घ्या

साध्या, म्हणजे मेमरी नसलेल्या सीटमध्ये प्रत्येक मोटरला दोन जाड वायर असतात. स्विच सोडलेला असताना बहुतेक गाड्यांत दोन्ही वायर स्विचमधून अर्थिंगला जोडलेल्या राहतात. 'पुढे' दाबलं की एका वायरला १२ व्होल्ट मिळतात, दुसरी अर्थिंगवरच राहते. 'मागे' दाबलं की अदलाबदल होते आणि मोटर उलटी फिरते. मेमरी सीटमध्ये मधे मॉड्यूल असतं, तिथे आधी स्कॅनर लावा.

काहीही उघडण्याआधी सगळे स्विच दाबा

- सगळ्याच हालचाली बंद किंवा मंद: फ्यूज, मेन सप्लाय, अर्थिंग. सगळ्या मोटरी एकदम जळत नाहीत.
- एकच मोटर, दोन्ही बाजूंना बंद: ती मोटर, तिचा कपलर, वायर किंवा स्विचचा तो भाग.
- एकच मोटर, एकाच बाजूला बंद: आधी सीट शेवटाला टेकली नाही ना, ते बघा. नसेल तर संशय स्विचवर. उलट्या बाजूला मोटर फिरतेय, म्हणजे ती बहुधा ठीक आहे.
- आवाज येतो पण सीट हलत नाही: गिअर किंवा केबल. इलेक्ट्रिकल शोधत बसू नका.

आणखी एक: स्विच दाबल्यावर आतला दिवा किंचित मंद होत असेल, तर मोटर करंट ओढतेय पण अडकलीय. रेल्वेखाली नाणं, पेन, बाटलीचं झाकण काही आहे का बघा.

सावधान! सीटखाली साइड एअरबॅग आणि सीटबेल्ट टेन्शनरच्या वायर असू शकतात. त्यांचे कपलर बहुतेक पिवळे असतात. त्यांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावायचा नाही. ते काढायचेच असतील तर इग्निशन बंद, बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. ते सुटे असताना इग्निशन चालू करू नका.

आता मोजा, पण कपलर जोडलेला ठेवून

मीटर डीसी २० व्होल्टवर. एकाला स्विच दाबून धरायला सांगा आणि कपलरच्या मागून प्रोब लावा.

१. मोटरच्या दोन वायरींमध्ये जवळपास बॅटरीइतके व्होल्ट आहेत, तरी मोटर फिरत नाही: मोटर खराब किंवा जाम.
२. व्होल्ट कमी: बॅटरी पॉझिटिव्ह ते मोटरची सप्लाय वायर मोजा.
३. मोटरची अर्थिंगकडची वायर ते बॅटरी निगेटिव्ह मोजा.

दुसरं आणि तिसरं माप प्रत्येकी अर्ध्या व्होल्टच्या आत असावं, असं मी धरतो. जिथे जास्त, तिथे दोष.

ताईंच्या गाडीत मोटरला जेमतेम ४ व्होल्ट मिळत होते. अर्थिंगच्या बाजूला ७ च्या वर! पावसाळ्यात दाराच्या रबरातून पाणी शिरून कार्पेटखालचा अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. कपलर काढून मोजलं तेव्हा करंट वाहतच नव्हता, म्हणून मीटरने १२ दाखवले. मोटर बदलताना वायर हलली आणि दोन दिवस सीट चालली. आणि सीटची उंचीसुद्धा बंद होती, पण तो स्विच मी दाबलाच नव्हता. बोल्ट घासून, रबर बदलून काम झालं. मोटरचे पैसे परत केले. जुनी मोटर चांगलीच होती.

घरचा अभ्यास: २१ वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. एक बल्ब काढून त्याच्या होल्डरवर मोजा: पूर्ण १२. बल्ब परत लावून मोजा: साधारण ६. पहिला बल्ब म्हणजे तो गंज.

आणि धंद्याचं एक: तपासणीचे पैसे वेगळे लावा, मापं जॉब कार्डवर लिहा आणि गिऱ्हाइकाला दाखवा. आकडा समोर असला की गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. अंदाजाने बदललेला पार्ट मात्र आपल्याच खिशातून जातो.