'लेटर' या शब्दाचें गोत्र

'लेटर' हा शब्द इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकापासून आपल्या ओळखीचा आहे. तरीहि एकदां वर्गांत 'गुरूची आज्ञा टू द लेटर पाळिली' या अर्थाच्या वाक्याचें भाषांतर एकानें 'गुरूची आज्ञा पत्रापर्यंत पाळिली' असें केलें. सारा वर्ग हंसला. पण नेमकी चूक कोठें झाली, हें मात्र कोणासच सांगतां येईना.

या शब्दाचें मूळ लॅटिन 'लिटेरा' होय. त्याचा अर्थ वर्णमालेंतील अक्षर. अनेक अक्षरें एकत्र आलीं म्हणजे लेख होतो. म्हणून त्याच शब्दाचें अनेकवचन लॅटिनमध्यें पत्र व वाङ्मय या दोन्ही अर्थीं योजीत. फ्रेंच भाषेंतून हे सर्व अर्थ इंग्रजींत उतरले. म्हणून 'मॅन ऑफ लेटर्स' म्हणजे टपालवाला नव्हे, तर साहित्यिक. आणि 'डॉक्टर ऑफ लेटर्स' ही विद्वत्तेची पदवी. डॉ. जॉन्सन यांचा इंग्रजी कोश 1755 सालीं प्रसिद्ध झाला. कष्टाच्या काळांत पाठ फिरवून काम संपत आल्यावर स्तुति करणाऱ्या लॉर्ड चेस्टरफील्ड यांस त्यांनीं त्याच वर्षीं एक बाणेदार पत्र लिहिलें. साहित्यिकाचें तें पत्र 'लेटर' शब्दाचे दोन अर्थ एकत्र दाखवितें.

कायद्याच्या भाषेंत 'लेटर' म्हणजे नियमाचा केवळ शब्द. त्याच्या उलट 'स्पिरिट' म्हणजे त्यामागील हेतु. हा भेद संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत आढळतो. वाचनालयांत 'बोलूं नये' असा नियम असतां जो शीळ घालतो, तो शब्द पाळतो, हेतु मोडतो. पुस्तकांत राहिलेला, पण कोणी न पाळणारा कायदा 'डेड लेटर' होय. ज्याचा धनी सांपडत नाहीं अशा टपालासहि तेंच नांव.

आतां आपल्या भाषेकडे पाहूं. 'पत्र' म्हणजे मूळचें झाडाचें पान. पूर्वीं पानांवर लिहीत, म्हणून लिहिलेला निरोपहि पत्र झाला. 'अक्षर' म्हणजे जें झिजत नाहीं तें. वर्णहि अक्षर आणि हाताचें वळणहि अक्षर. इंग्रजीचें पत्र अक्षरांतून निघालें, आपलें पानांतून. 'टू द लेटर' यांत पत्राचा संबंध नसून अक्षराचा आहे. त्याचें मराठी रूप आपल्या तोंडीं नित्य असतें: 'अक्षरशः'!

तात्पर्य, कोशांतील पहिला अर्थ उचलून पळूं नये. सर्व अर्थ वाचावे, वाक्याशीं ताडून पाहावे, मगच लेखणी उचलावी. शब्द आणि हेतु दोन्ही सांभाळील, तोच खरा भाषांतरकार.