प्रौढपणी घेतलेली पदवी आणि तिच्या खर्चाची तरतूद

महाराष्ट्रात पदवी शिक्षणासाठी मिळणाऱ्या अर्थसाहाय्याची बहुतेक रचना बारावीनंतर लगेच महाविद्यालयात जाणाऱ्या आणि आई-वडिलांच्या उत्पन्नावर अवलंबून असणाऱ्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे, आणि त्यामुळे तिशी-चाळिशीत, नोकरी किंवा संसार सांभाळून पदवीकडे वळणाऱ्या व्यक्तीला मदत मिळत नाही असे नसले, तरी ती कोणत्या अटींवर मिळते हे प्रवेश घेण्यापूर्वीच समजून घ्यावे लागते. अनेक प्रौढ विद्यार्थी प्रवेश घेऊन शुल्क भरतात आणि त्यानंतर शिष्यवृत्तीची चौकशी करतात. हा क्रम उलटा असायला हवा, कारण कोणती मदत मिळेल हे प्रवेश कोणत्या प्रकारचा आहे यावरच बहुतांशी ठरते.

प्रवेशाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. नियमित प्रवेश म्हणजे संलग्न महाविद्यालयात वर्गांना उपस्थित राहून घेतलेले शिक्षण, आणि दूरस्थ प्रवेश म्हणजे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या (स्थापना १९८९) किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासारख्या (स्थापना १९८५) संस्थेच्या अभ्यासकेंद्रामार्फत, पाठ्यपुस्तके आणि संपर्कसत्रे यांच्या आधारे घरी राहून घेतलेले शिक्षण. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की मान्यताप्राप्त संस्थांमधून दूरस्थ पद्धतीने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जावी. मदतीच्या बाबतीत मात्र ही समकक्षता दिसत नाही. बारावीच्या गुणांवर दिली जाणारी केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती नियमित अभ्यासक्रमांपुरती मर्यादित आहे, आणि ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठीची राज्याची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीही नियमित विद्यार्थ्यांचाच विचार करते. ज्यांना दिवसा कामावर जावेच लागते, त्यांनाच या योजनांमधून वगळले जावे, ही या धोरणातील मोठी उणीव आहे आणि ती दूर व्हायला हवी.

शिक्षणातील खंडाविषयी समाजात एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. बारावीनंतर दहा-पंधरा वर्षे गेली म्हणजे शिष्यवृत्तीचा विचारच सोडून द्यावा, असे नातेवाईक आणि कित्येकदा महाविद्यालयाच्या कार्यालयातील कर्मचारीही सांगतात. वास्तविक, राजर्षी शाहू योजनेतील खंडाची अट अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतर मध्येच पडलेल्या खंडाविषयी आहे, आणि प्रवेशापूर्वीच्या खंडासाठी महाविद्यालय सहसा केवळ प्रतिज्ञापत्र मागते, ज्याला व्यवहारात गॅप सर्टिफिकेट म्हणतात. प्रौढ विद्यार्थ्याला खरी अडचण येते ती त्याच पातळीवरील दुसऱ्या पदवीची, कारण अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक पदवी घेतलेल्या व्यक्तीला त्याच पातळीवरील दुसऱ्या पदवीसाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. या योजनेची उत्पन्नमर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे, आणि विवाहित, नोकरी न करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत वडिलांचे नव्हे, तर पतीचे उत्पन्न मोजले जाते. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढताना हे ध्यानात ठेवले नाही, तर सारा अर्ज परत येतो.

कागदपत्रांच्या बाबतीत विवाहित स्त्रियांची होणारी दमछाक प्रस्तुत लेखिकेने जवळून पाहिली आहे. कला शाखेत नियमित प्रवेश घेतलेल्या एका विवाहितेचे जातप्रमाणपत्र आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावावर होत्या, तर आधारकार्ड आणि शिधापत्रिका सासरच्या नावावर. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर भरलेला तिचा अर्ज नावातील फरकामुळे त्रुटी दाखवून परत आला, आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडल्यावरच तो पुढे सरकला. अर्ज मंजूर झाल्यावरही तिने दिलेल्या बँक खात्यात रक्कम दिसेना. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की थेट लाभाची रक्कम अर्जातील खाते क्रमांकावर न जाता आधार क्रमांकाशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, आणि तिचे असे खाते गॅसच्या अनुदानासाठी पूर्वी माहेरच्या गावी उघडलेले होते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी बँकेत जाऊन कोणते खाते आधारशी थेट लाभासाठी जोडलेले आहे याची खात्री करून घ्यावी आणि ते खाते चालू स्थितीत ठेवावे. पासबुकात आधार क्रमांकाची नोंद असणे आणि खाते थेट लाभासाठी जोडलेले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि बँकेतील कर्मचाऱ्याला हा प्रश्न नेमक्या याच शब्दांत विचारावा लागतो.

शैक्षणिक कर्जाचा पर्याय प्रौढांना खुला आहे. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत विद्यार्थ्याच्या वयावर बंधन नाही, ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, आणि विवाहित अर्जदाराच्या बाबतीत पती, पत्नी किंवा सासू-सासरे सहकर्जदार होऊ शकतात. मात्र साध्या कला किंवा वाणिज्य पदवीचे मुक्त विद्यापीठातील शुल्क इतके माफक असते की त्यासाठी कर्ज काढणे सहसा शहाणपणाचे ठरत नाही. कर्ज काढलेच, तर ते बँकेतूनच काढावे, कारण आयकर कायद्याखाली स्वतःच्या शिक्षणासाठीच्या कर्जाच्या व्याजावर मिळणारी वजावट बँका, अधिसूचित वित्तीय संस्था आणि मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था यांच्याकडील कर्जालाच लागू होते. पतसंस्थेतून किंवा नातेवाइकांकडून घेतलेल्या कर्जाला ती सहसा मिळत नाही, आणि शुल्काची वजावट तर केवळ मुलांच्या शिक्षणापुरती आहे, स्वतःच्या नव्हे.

सर्वाधिक सावधगिरी हप्त्यांच्या कर्जाबाबत बाळगावी लागते. काही खासगी संस्था 'बिनव्याजी सुलभ हप्ते' असे सांगून प्रवेश देतात आणि विद्यार्थी शुल्काचा हप्ता समजून ज्या कागदावर सही करतो, तो प्रत्यक्षात एखाद्या वित्त कंपनीशी केलेला कर्जाचा करार असतो. अशा करारात शुल्काची संपूर्ण रक्कम संस्थेला एकरकमी मिळते आणि कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर राहते, त्यामुळे अभ्यासक्रम मध्येच सुटला किंवा संस्था बंद पडली, तरी हप्ते थांबत नाहीत आणि थकले तर पतमानांकन खालावते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक निर्देशांनुसार कर्जदाराला व्याजदर आणि सर्व आकार दाखवणारे मुख्य तथ्यपत्रक देणे, तसेच दंड न भरता कर्ज परत करण्यासाठी ठरावीक मुदत देणे बंधनकारक आहे. हे पत्रक हाती पडून वाचल्याखेरीज मोबाइलवर आलेला परवलीचा आकडा कोणालाही सांगू नये. मुक्त विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनीही विद्यापीठाने जाहीर केलेल्या शुल्कापेक्षा अधिक रक्कम कोणी मागितली, तर पावती मागावी, आणि पावती मिळत नसेल तर विद्यापीठाच्या विभागीय केंद्राकडे लेखी तक्रार करावी.

नोकरी देणारा शुल्क भरण्यास तयार असेल, तर त्याच्या मोबदल्यात किती वर्षे सेवा करावी लागेल आणि मध्येच नोकरी सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल, हे लेखी घ्यावे.

शेवटी एका अशा तरतुदीचा उल्लेख करणे आवश्यक आहे, जी प्रौढ स्त्रियांसाठीही आहे आणि तरीही अनेक पात्र कुटुंबांना ठाऊक नसते. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत कामगाराच्या दोन पाल्यांना, अथवा पुरुष कामगाराच्या पत्नीला, पदवीच्या प्रत्येक वर्षासाठी २०,००० रुपये साहाय्य देते. गवंडी, रंगारी, सुतार, फरशी बसवणारे अशा कामगारांच्या पत्नींना घरचे आटोपून पदवी घ्यायची असेल, तर या रकमेतून पुस्तके आणि परीक्षा यांच्यासह वर्षाचा मोठा खर्च भागू शकतो. मात्र मंडळाकडील नोंदणीसाठी मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरण चुकलेले असेल तर पत्नीचा अर्ज टिकत नाही, म्हणून पत्नीचा प्रवेश घेण्यापूर्वी पतीची नोंदणी चालू करून घ्यावी.