जाड उसाचे बेणे घेतले म्हणजे जात जाड होते का?



लागणीचे दिवस आले की पुष्कळ सभासद विचारतात, "साहेब, फडातले जाड जाड ऊस बेण्याला ठेवले, तर पुढची लागण सगळीच जाड पडेल ना?" ज्वारीची टपोरी कणसे बियाण्याला ठेवण्याची आपली जुनी चाल आहे, तेव्हा प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी घेवड्याचा एक प्रयोग पाहू.

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांनी घेवड्याच्या दाण्याच्या वजनावर केलेले प्रयोग १९०३ साली प्रसिद्ध केले. मिश्र बियाण्यातील एकेका झाडाची संतती वेगळी ठेवून त्यांनी १९ वंश तयार केले. कोणाचा दाणा सरासरी ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, तर कोणाचा ६४० च्या आसपास भरला. हा वंशावंशांतला फरक पुढेही टिकला. मग त्यांनी एकाच वंशातले मोठे दाणे वेगळे व लहान वेगळे पेरले. असे सहा पिढ्या केले, तरी दोन्हींच्या संततीत दाण्याची सरासरी तीच राहिली!

कारण सोपे आहे. घेवड्यात स्वपरागीभवन होते, त्यामुळे एका वंशातील सर्व दाण्यांचे आनुवंशिक गुण सारखेच. दाणा लहानमोठा झाला तो जागा, खत, पाणी यांमुळे. तो फरक पुढे उतरत नाही.

आता उसाकडे वळू. ऊस आपण डोळ्याने लावतो. को ८६०३२ ही जात को ६२१९८ व कोसी ६७१ यांच्या संकरातून निघाली. महाराष्ट्रात ती १९९६ साली प्रसारित झाली. त्या संकराच्या एकाच रोपाचे कांडे आज गावोगाव पसरले आहे. म्हणजे बांधाकडेचा मनगटाएवढा ऊस आणि फडाच्या मध्यातला बारीक ऊस, दोघांचे गुण एकच. बांधाकडेला ऊन, वारा व मोकळी जागा जास्त, म्हणून तो पोसतो इतकेच. तेव्हा कोणी "निवडलेली जाड ८६०३२" म्हणून जादा दराने बेणे देऊ लागला, तर जादा पैसे मोजू नका.

मात्र एक गोष्ट ध्यानात धरा. जाडी बेण्यातून पुढे जात नाही, पण रोग नक्की जातो! काणी, गवताळ वाढ हे रोग कांडीबरोबर नव्या रानात येतात. म्हणून,

१) बेणे बेणेमळ्यातलेच, ९ ते ११ महिन्यांचे, रसरशीत व फुगीर डोळ्यांचे घ्यावे.
२) खोडव्याचे बेणे वापरू नये.
३) मूलभूत बेण्याला उष्ण बाष्प प्रक्रिया केलेली असावी.
४) दर तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे.
५) जाडी हवी असेल तर सरीतील अंतर, खताचा हप्ता व पाण्याची पाळी सांभाळावी.

बेण्याची मागणी लागणीपूर्वीच गट ऑफिसात नोंदवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी