पान उलटून पाहा

पावसाळा आला की बांधावर, भिंतीवर, शेवग्याच्या खोडावर केसाळ किडे दिसू लागतात. पुस्तकात त्याला सुरवंट म्हणतात. आपण म्हणतो कुसरूड. अंगाला लागला की खाज सुटते. म्हणून आपण त्याला काडीने उडवतो आणि पुढे जातो. आम्हीही तेच करीत होतो.

2016 साली पाऊस बरा झाला. पाटोदा तालुक्यातल्या आमच्या वावरात तेव्हा अर्धा एकर सूर्यफूल होते. एके दिवशी चारदोन पाने पांढरी, कागदासारखी पातळ दिसली. उघडीप होती. आम्ही म्हटले, ऊन लागले असेल. आठ दिवसांनी जाऊन पाहतो, तर पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या!

शेजारचे आबा म्हणाले, "गुरुजी, पोरांना जन्मभर वाचायला शिकवलं, अन् आपल्याच रानातलं पान उलटायचं राहिलं व्हय?"

आबांचे खरे होते. सारा खेळ पानाच्या खालच्या बाजूला चालतो. या अळीचा पतंग रात्री उडतो, दिव्याकडे येतो. त्याचे पंख फिकट पिवळसर असतात, वर काळे ठिपके. पोट तांबडे असते. मादी पानाखाली एकाच जागी शेकडो अंडी घालते. अंडी फुटली की बारीक अळ्या त्याच पानाला दाटीने चिकटून राहतात आणि हिरवा गर खरवडतात. म्हणून पान पांढरे, जाळीदार होते. थोडे दिवस गेले, की त्या मोठ्या होऊन रानभर पांगतात. मग एकेक कुठे शोधणार? तेव्हा पांढरे पान दिसताच उलटून पाहावे. अळ्या असल्या तर ते पान हलक्या हाताने खुडावे आणि साबणाच्या पाण्यात बुडवावे. हाताला फडके गुंडाळावे बरे का!

अंगाला केस टोचले तर चोळू नये. चोळले की केस आत जातात. चिकटपट्टी लावून ओढावी, मग वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यात केस गेला तर दवाखाना गाठावा.

केसांमुळे पुष्कळ पक्षी या अळीला तोंड लावत नाहीत. पण पावशा आणि चातक ती आवडीने खातात. पेरणीच्या दिवसांत ज्याची हाक आपण ऐकतो, तोच हा पावशा. कधी कधी अळीवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोश दिसतात. ती अळी मारू नये. चिलटाएवढ्या माशीची पिले तिला आतून पोखरून बाहेर आलेली असतात. त्या कोशांतून निघणाऱ्या माश्या आणखी अळ्यांचा निकाल लावतात.

आता आम्ही सूर्यफूल करीत नाही, सोयाबीन पेरतो. ही अळी त्यालाही सोडत नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही दर चार दिवसांनी फेरी मारली आणि सात पाने खुडली. आबा बांधावर बसून मोजत होते.