भ्यालेला आणि भित्रा

शास्त्रपाठ : मार्क ४:३५ ते ५:४३

ख्रिस्ती मनुष्याने भिऊ नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर बसलेल्या पित्याला, नोकरी गेलेल्या तरुणाला, किंवा परप्रांतात मराठी मंडळीपासून दूर एकट्याने विश्वास जपणाऱ्या कुटुंबाला हेच वाक्य कधी कधी दुसरे ओझे होऊन बसते. आधी भय असतेच. त्यावर ‘मला भय वाटते, तेव्हा माझा विश्वास खोटा’ हा दोष येऊन पडतो. म्हणून पवित्र शास्त्र भयाविषयी नेमके काय शिकवते, ते मार्काच्या या दोन अध्यायांतून पाहू या.

१. वादळातील शिष्य

गलीलाचा समुद्र हे वास्तविक गोड्या पाण्याचे सरोवर आहे. ते सुमारे २१ किलोमीटर लांब व १३ किलोमीटर रुंद असून समुद्रसपाटीच्या २०० मीटरांहून अधिक खाली आहे. भोवतालच्या डोंगरांवरून वारा एकाएकी खाली झेपावतो आणि शांत पाणी खवळते. १९८६ साली पाण्याची पातळी उतरली असता तेथील चिखलात पहिल्या शतकाच्या सुमाराचा एक मचवा सापडला. त्याची लांबी सुमारे ८ मीटर, रुंदी २ मीटरांहून थोडी अधिक. अशा मचव्यात लाटा शिरू लागल्या म्हणजे प्राणभय वाटणे स्वाभाविक होय. शिष्यांपैकी चौघे तर याच पाण्यावर वाढलेले कोळी. त्यांचे भय अनुभवाचे होते.

मग प्रभूने त्यांना दोष का दिला? ४:४० मध्ये मूळ ग्रीक शब्द ‘दैलोस’ हा आहे. नव्या करारात तो तीनच ठिकाणी आढळतो : येथे, मत्तय ८:२६ मध्ये व प्रकटीकरण २१:८ मध्ये. त्याचा अर्थ ‘भित्रा’. सर्वसाधारण भयासाठी ‘फोबोस’ हा निराळा शब्द आहे. आपल्या मराठीतही भ्यालेला आणि भित्रा यांत अंतर आहे. भ्यालेला ही प्रसंगातील अवस्था. भित्रा हा मनाचा कल. शिष्यांचा भित्रेपणा ४:३८ मधील त्यांच्या प्रश्नातून प्रकट होतो. आपण मरत आहोत आणि गुरूला त्याची पर्वा नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. लाटा उंच होत्या हे खरे. प्रभूला काळजी नव्हती हे खोटे. भयाने त्यांना खऱ्यावरून खोट्याकडे नेले, तेथेच विश्वास ढळला.

मार्काने या वृत्तान्तात ‘मोठा’ हे एकच विशेषण तीनदा योजले आहे : वादळ मोठे, निवांतपणा मोठा आणि शेवटी शिष्यांचे भयही मोठे. वारा पडल्यावर ते अधिक भ्याले! कारण आता त्यांची दृष्टी लाटांवरून प्रभूकडे वळली होती. लहान भयाला मोठ्या भयाने, म्हणजे देवाच्या भयाने, हुसकावून लावले.

२. भयाच्या दोन वाटा

पलीकडच्या तीरावर भूतग्रस्त मनुष्य शुद्धीवर आलेला पाहून तेथील लोक भ्याले (५:१५) आणि त्यांनी येशूला आपल्या प्रांतातून निघून जाण्याची विनंती केली. पुढे, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्रीही भीत व कापत होती (५:३३). पण ती प्रभूपुढे आली, पाया पडली आणि तिने सर्व काही खरे सांगितले. दोन्ही ठिकाणी भयाचे क्रियापद एकच आहे. भयाने एकांनी प्रभूला दूर लोटले. ती मात्र भय घेऊनच त्याच्याजवळ आली. प्रभूने तिला ‘भित्री’ म्हटले नाही, ‘मुली’ म्हटले.

३. याईराची वाट

याईर घाईत होता, आणि प्रभू वाटेत त्या स्त्रीसाठी थांबला. तेवढ्यात मुलगी मेल्याची बातमी आली. त्या क्षणी प्रभूने त्याला भय सोडण्यास व केवळ विश्वास ठेवण्यास सांगितले (५:३६). या दोन्ही आज्ञांची ग्रीक रूपे चालू क्रियेची आहेत. अर्थ असा की, भीत राहू नकोस, विश्वास ठेवीत राहा. घरापर्यंतची वाट अजून चालायची होती, आणि रडणाऱ्यांचा गलबला पुढे ऐकू यायचा होता. एका निश्चयाने भय कायमचे संपत नाही. पावलागणिक विश्वास धरावा लागतो. याईराजवळ पुरावा नव्हता, परंतु प्रभू बरोबर चालत होता.

४. आपल्यासाठी बोध

गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू अत्यंत व्याकूळ झाला (१४:३३), आणि ती व्याकुळता घेऊन तो पित्याकडे गेला. तेव्हा अंतःकरण थरथरणे हे पाप नव्हे. भय वाटेल तेव्हा प्रथम ते प्रभूपुढे नावानिशी मांडा. त्या स्त्रीप्रमाणे सर्व खरे सांगा. मग भयाने तुमच्या मनात देवाविषयी कोणता निष्कर्ष रुजवला आहे ते तपासा. तो खोटा असेल तर टाकून द्या. त्यानंतर आजचे कर्तव्य, तेवढेच एक पाऊल, उचला. भित्रेपणाच्या जागी देव आपणांला सामर्थ्य, प्रीती व संयम यांचा आत्मा देतो, असे पौल तीमथ्याला कळवतो (२ तीमथ्य १:७). आणि मंडळीत कोणी भ्यालेला आढळला, तर त्याच्या विश्वासाची झडती घेऊ नका. त्याच्याबरोबर याईराच्या घरापर्यंत चाला.

मननासाठी प्रश्न

१. सध्याचे माझे भय मला प्रभूजवळ नेते की त्याच्यापासून दूर?
२. त्या भयापोटी मी प्रभूविषयी काय मानू लागलो आहे?
३. या आठवड्यात कोणत्या भ्यालेल्या मनुष्याबरोबर मला चालावयाचे आहे?