हिरवा ऊस पेटतो कसा?

प्रश्न : आमचं रान येरळाकाठी आहे. मागच्या हंगामात शेजारच्या फडाला दुपारी आग लागली आणि बघता बघता सगळा फड काळा झाला. ऊस तर पाणी पाजलेला, हिरवागार होता. कांडं पिळलं की रस गळतो, मग त्याला आग लागते कशी? लोक म्हणाले, तारांत शॉर्टसर्किट झालं. एवढ्या मोठ्या रानाला एक ठिणगी पुरते का? आणि हे टाळायचं कसं?
— एक शेतकरी वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ऊस पेटलाच नाही, पेटलं ते पाचट. आग विझल्यावर फडात शिरून पाहा. कांड्या उभ्याच असतात, वरून काळ्या आणि आत रसाळ. कांडीच्या वजनात साधारण ७० टक्के पाणी असतं. त्याची वाफ झाल्याशिवाय कांडी पेट घेत नाही. गार पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. फडातली आग एका जागी तेवढा वेळ थांबत नाही. समोरचं पाचट खाऊन ती पुढे सरकते.

ऊस वाढत जातो तशी त्याची खालची पानं वाळत जातात. काही कांडीला चिकटून राहतात, काही सरीत पडतात. पक्व फडात असं पाचट हेक्टरी ८ ते १० टन निघतं. वाळलेल्या पानात पाणी नाही, उष्णता मुरवून घ्यायला जाडी नाही आणि चहूबाजूंनी हवा खेळती. ते २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की त्यातून जळणारे वायू सुटतात. आपल्याला दिसते ती ज्वाला या वायूंचीच. चूल पेटवताना कुणी ओंडक्याला काडी लावत नाही. आधी चिपाडं, मग काटक्या, मग लाकूड. फडात ही चिपाडं बुडख्यापासून वाढ्यापर्यंत आयती रचलेली असतात.

आता ठिणगीचं. वीजवाहिनीच्या तारांना झोळ पडला असेल तर वाऱ्याने त्या एकमेकींना लागतात आणि मधे विजेचा चाप (आर्क) पेटतो. तारा ॲल्युमिनियमच्या असतात आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. म्हणजे खाली पडतो तो वितळलेल्या धातूचा थेंब, पाचट पेटायला लागणाऱ्या तापमानापेक्षा दुपटीहून गरम. असे पुष्कळ थेंब वाटेतच निवतात. पण तासगाव पर्जन्यछायेतलं. फेब्रुवारीनंतरच्या दुपारी हवा कोरडी, वारा सुटलेला आणि पाचट कडकडीत असतं. तेव्हा एखादा थेंबही पुरतो.

मात्र दर वेळी दोष तारांचाच असतो असं नाही. बांध पेटवणं, विझली म्हणून टाकलेली बिडी, शेजाऱ्याने जाळलेल्या पाचटाची उडत आलेली पानं, तोड सोपी व्हावी म्हणून मुद्दाम लावलेली काडी, ही कारणंही नेहमीचीच. जळका ऊस कारखाने कपात करून घेतात, त्यालाही कारण आहे. कांडीला चटका बसला की आतल्या साखरेचं रूप बदलू लागतं, जिवाणू शिरतात आणि उतारा घसरतो. वजनही रोज घटतं. म्हणून जळालेला ऊस शक्य तितक्या लवकर गाळपाला गेला पाहिजे.

टाळायचं ते पाण्याने नव्हे, विळ्याने. तारांखालच्या आणि डीपीभोवतीच्या पट्ट्यातलं पाचट सोलून बाहेर काढा. बांधाकडेच्या दोन-तीन सऱ्या स्वच्छ ठेवा. मोठा सलग फड असेल तर लागणीच्या वेळीच मधे गाडीवाट सोडा. तीच पुढे आगीला आडवी येते. झोळ पडलेल्या तारांची तक्रार महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तारा ताणणं किंवा त्यांच्यामधे अंतर राखणारे स्पेसर बसवणं हे त्यांचं काम. बांबूने तारा सोडवायला जाऊ नका.

प्रश्न : तोड झाल्यावर पाचट जाळूनच टाकलं तर धोका मुळातून संपत नाही का?

उत्तर : त्या रानातला संपतो, शेजारच्या रानात सुरू होतो. खोडव्याला फुटवे चांगले येतात म्हणून पाचट जाळणारे आजही आहेत. पण त्या धुरासोबत जमिनीचं सेंद्रिय खत आणि नत्र निघून जातं. त्यापेक्षा बुडखे छाटून घ्यावेत, पाचट सरीत दाबावं, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावं. ओलं होऊन मातीला चिकटलेलं पाचट सहसा पेटत नाही आणि पुढे त्याचंच खत होतं. तासगावच्या शेतकऱ्याने आणखी एक हिशेब करावा. उसाला लागून द्राक्षबाग असेल तर ज्वाला बागेत शिरायचीही गरज नाही. नुसत्या झळेने वेलीची पानं करपतात आणि ठिबकच्या नळ्या वितळतात.

प्रश्न : ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर आग विझवायला चालतो का?

उत्तर : पाण्याची टाकी आणि पंप म्हणून उत्तम, सावळज-मणेराजुरीच्या पट्ट्यात बागेच्या वस्तीवर तो जवळच सापडतो. पण त्याचा पंखा बंद हवा. पंख्याचा वारा पाण्याआधी आगीला पोचतो आणि ठिणग्या पुढच्या रानात नेऊन टाकतो. पंखा न्यूट्रल करून पाइप आणि गनने पाणी मारा, तेही ज्वाळेच्या शेंड्यावर नव्हे तर बुडाशी, न पेटलेलं पाचट भिजेल असं. ट्रॅक्टर वाऱ्याच्या पाठीकडून आणा आणि तोंड परतीच्या वाटेकडे ठेवा. उभ्या उसात शिरून आग विझवायचा प्रयत्न कुणीही करू नये. आत धुराने दिशा कळत नाही.

प्रश्न : डोंगरावरचा वणवा फांद्या एकमेकींवर घासून लागतो, असं आजोबा सांगायचे. खरं आहे का?

उत्तर : आपल्याकडच्या डोंगरांपुरतं तरी नाही. दंडोबा असो की सागरेश्वर, उन्हाळ्यात तिथे पेटतं ते गुडघाभर वाळलेलं गवत, आणि त्याला काडी बहुधा माणसाचीच असते. वीज पडून आग लागू शकते, पण आपल्याकडे वीज येते ती बहुतेक वळवासोबत आणि पाठोपाठ पाऊसही येतो.

गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने येतं, ही समजूत अर्धीच खरी. राखेमुळे पहिले कोंब लवकर दिसतात. पण रोपं मरतात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. सागरेश्वरचं रान धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने बोडक्या डोंगरावर झाडं लावून उभं राहिलं. तिथे एका दुपारच्या वणव्याचं नुकसान भरायला किती पावसाळे लागतील, ते पाहा. चढावर आग फार वेगाने धावते, कारण ज्वाला वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. उतार दर १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून वणव्याच्या वरच्या अंगाला कधी थांबू नये.

वनविभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो, म्हणजे गवताचा पट्टा आधीच साफ करून आगीची वाट तोडतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली गेली तर तिथले चराईचे हक्कही शासन स्थगित करू शकतं. गवतासाठी काडी लावणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

प्रश्न : बेदाण्याच्या शेडवर काय काळजी घ्यावी?

उत्तर : बेदाण्याचा हंगाम आणि आगीचा हंगाम एकच. शेडमध्ये मजल्यांवर जाळ्या, बाजूंना शेडनेट, आणि हे सगळं प्लॅस्टिक. ते पेटलं की वितळून जळते थेंब खालच्या मजल्यावर टाकतं. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात तेव्हा धोका दुहेरी असतो. गंधक सुमारे ११५ अंशांना वितळून वाहू लागतं आणि त्याची फिकट निळी ज्वाला दिवसा उन्हात दिसतच नाही. विझलं समजून हात घालणारे भाजतात ते यामुळेच. गंधक लोखंडी पाटीत, वाळूवर ठेवून जाळावं. ताडपत्री पाटीपासून लांब असावी. धुरी संपेपर्यंत एक माणूस बाहेर थांबावा. लहान आग वाळूने झाकावी. धूर डोळ्यांना आणि छातीला घातक असतो, म्हणून आत वाकून बघू नये. शेडखाली स्वयंपाक नको आणि भोवती वाळकं गवतही नको.

प्रश्न : गॅसच्या टाकीच्या वरच्या पट्टीवर ‘बी-२६’ असं लिहिलेलं असतं. गॅस संपायची तारीख का ती?

उत्तर : नाही, टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका. रबरी नळी ५ वर्षांनी बदला. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला की जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बटण चालू किंवा बंद काहीच करू नका आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा. कढईतलं तेल पेटलं तर पाणी नको. तेलाच्या तळाशी गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल घरभर उडतं. गॅस बंद करून झाकण सरकवा.

जिथे चूल आहे तिथे राखेकडे लक्ष हवं. पूर्वी रात्री निखारा राखेत पुरून ठेवत आणि सकाळी फुंकर घालून त्यावरच चूल पेटवत. म्हणजे राखेखाली निखारा रात्रभर टिकतो. तीच राख सकाळी उकिरड्यावर टाकली आणि वारा सुटला, तर शेजारी शाळूच्या कडब्याची गंजी असते. राखेवर पाणी ओतून, ढवळून मगच ती बाहेर काढा, आणि गंजी घर, गोठा आणि तारा या तिघांपासून लांब रचा.

प्रश्न : आग लागल्यावर आधी काय करावं, आणि भरपाई मिळते का?

उत्तर : आधी माणसं आणि दावणीची जनावरं सोडवा, त्याच वेळी दुसऱ्याने १०१ किंवा ११२ ला फोन करावा. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं वाहतं गार पाणी सोडा. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. आग तारांमुळे लागल्याचा संशय असेल तर जागा साफ करण्याआधी फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, पोलिसांत नोंद करा आणि महावितरणला लेखी कळवा. वीज अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतात. हे पद महावितरणचं नाही, राज्य शासनाचं आहे. त्यांच्या अहवालावर भरपाईचं पुष्कळ अवलंबून असतं. आणि आधी केलेल्या झोळाच्या तक्रारीचा क्रमांक तुमच्याजवळ असेल, तर तुमची बाजू तिथे अधिक भक्कम ठरते.