पुरवणी मागण्या : घोषणा आणि तरतूद

प्रतापगड म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे साताऱ्याचा किल्ला उभा राहतो. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातही त्याच नावाचे गाव व गड आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेस तेथे मोठा जनसमुदाय लोटतो. हा मुलूख धानाचा. रोवणी पावसाळ्यात, कापणी दिवाळीच्या सुमारास. शासनाचे आर्थिक वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होते. मार्चमध्ये अर्थसंकल्प संमत होताना पाऊस कसा पडेल, पिकावर तुडतुडा येईल काय, हे कोणास ठाऊक असते? अशा वेळी अपुऱ्या पडलेल्या किंवा मुळात नसलेल्या तरतुदीची सोय संविधानाच्या अनुच्छेद २०५ मध्ये केलेली आहे. तीच पुरवणी मागणी होय.

विभागाचा प्रस्ताव वित्त विभाग तपासतो. राज्यपालांच्या शिफारशीने मागण्या विधिमंडळापुढे येतात. विधानसभा त्यांवर मतदान करते व त्यानंतर विनियोजन विधेयक संमत होते. अधिवेशन नसताना निकड उद्भवली तर आकस्मिकता निधीतून आगाऊ रक्कम घेता येते. परंतु पुढे विधिमंडळाची संमती घेऊन ती भरून द्यावीच लागते.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ७ डिसेंबर २०२३ रोजी ५५ हजार ५२० कोटी ७७ लाख रुपयांच्या मागण्या सादर झाल्या. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हाच आकडा झळकला. तिजोरीवरील निव्वळ भार मात्र सुमारे ४८ हजार ३८४ कोटींचा होता. एका शीर्षाखालील बचत दुसरीकडे वळविली, तरी पुस्तकात मागणी दिसते. नवा पैसा लागत नाही. हा भेद वाचकाने ध्यानी ठेवावा. तरीही एवढ्या मोठ्या रकमा वर्षामध्यात मागाव्या लागणे हे मूळ अंदाजाच्या अचूकतेविषयी प्रश्न उपस्थित करते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाऊस अनपेक्षित असतो. वेतन व व्याज नसते.

त्याच अधिवेशनात धान उत्पादकांसाठी हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर देण्याची घोषणा झाली. धानपट्ट्यात ती आनंदाने ऐकली गेली. परंतु घोषणा ही तरतूद नव्हे, आणि तरतूद हे वितरण नव्हे. सभागृहाच्या संमतीनंतर शासन निर्णय, त्यानंतर निधी वितरणाचा आदेश, मग कोषागार, आणि अखेरीस शेतकऱ्याचे बँक खाते, असा हा प्रवास आहे. त्यातील कोणताही टप्पा ३१ मार्चपलीकडे लांबला, तर अखर्चित रक्कम व्यपगत होते व नव्या वर्षात पुन्हा तरतूद शोधावी लागते.

यात्रेच्या दिवसांत, म्हणजे आर्थिक वर्ष सरत आलेले असताना, प्रतापगडच्या शेतकऱ्यास जाहीर झालेली रक्कम मिळालेली नसेल, तर त्याने कार्यालयात घोषणेची तारीख सांगत बसू नये. वितरण आदेश कोणत्या तारखेचा, व तो जिल्ह्यास पोहोचला काय, एवढेच विचारावे.